कॅन्टीन कुणाचं?

गेल्या महिन्यात बाबा अमेरिकेत आले होते. बाहेर बर्फ, त्यामुळे घरात बसून आम्ही २०१३चे दोन सिनेमे लागोपाठ पाहिले: शॉन लेव्हीचा 'द इंटर्नशिप' आणि रितेश बत्राचा 'द लंचबॉक्स'. दोन्हींत ऑफिसातलं जेवण आहे, आणि दोन पिढ्या आहेत.

'द इंटर्नशिप'मध्ये घड्याळं विकणारे दोन मध्यमवयीन सेल्समन, बिली आणि निक, नोकरी गेल्यावर गूगलमध्ये इंटर्न होतात. तिथे खाणंपिणं सगळं फुकट आहे हे कळल्यावर बिली हरखून जातो. विशीतल्या मुलांना त्याचं काहीच वाटत नाही. जुन्यांना अप्रूप आणि नव्यांना सवय, पिढ्यांमधला फरक सिनेमाला एवढाच दिसतो. मी हसत होते. बाबांनी विचारलं, "यांच्या कॅन्टीन कमिटीवर कामगार किती?"

ते गंमत करत नव्हते. त्यांची तीस वर्षं पिंपरीतल्या कारखान्यात गेली. १९४८च्या फॅक्टरीज ॲक्टच्या कलम ४६मध्ये अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांत कॅन्टीन सक्तीचं करायची तरतूद होती, आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधित्वाचीही. उसळ पातळ झाली की गेटवर चर्चा व्हायची. कुपनाचा दर वाढवायचा तर युनियनशी बोलावं लागायचं. जेवण बेताचंच, पण त्यावरून भांडता यायचं.

फुकट जेवणावरून भांडता येत नाही. कंपनी ते का देते, हा प्रश्न 'द इंटर्नशिप' विचारतच नाही. आवारातच पोट भरलं की माणूस बाहेर पडत नाही, हे तर उघड आहे. माउंटन व्ह्यू शहराने फेसबुकच्या नव्या ऑफिसात पूर्ण फुकट जेवण द्यायला मनाई केल्याची बातमी २०१८मध्ये गाजली होती. लोकांनी बाहेर येऊन आसपासच्या हॉटेलांत खावं, हा त्यामागचा हेतू. सिनेमात मात्र जेवण सगळ्यांना फुकट आणि नोकरी फक्त जिंकणाऱ्या टीमला, आणि यात कुणालाच काही खटकत नाही.

'द लंचबॉक्स' जास्त शहाणा आहे. साजन फर्नांडिस क्लेम्स विभागात ३५ वर्षं काढून निवृत्त होणार, त्याच्या जागी शेख येणार. ऑफिस दोघांना बसायला टेबल देतं, बस. शेख दुपारी फळांवर भागवतो. आधी त्याला टाळणारा साजन हळूहळू आपला डबा त्याच्यापुढे सरकवायला लागतो. इरफान आणि नवाजुद्दीन यांनी हे इतकं साधं केलंय की नवी पिढी-जुनी पिढी वगैरे शब्द आठवतही नाहीत.

पण इथेही माझी एक तक्रार आहे. तो डबा इला बनवते. बाबांचा कारखाना जेवण द्यायचा, म्हणून पहिल्या पाळीच्या डब्यासाठी आईला पहाटे उठावं लागलं नाही. डब्यातली माया सिनेमा सुंदर दाखवतो. ऑफिसची जबाबदारी इलाच्या ओट्यावर येऊन पडलीये, हे मात्र तो सहज मान्य करतो.

आणि माझं काय? पोस्टडॉकच्या पगारात सेमिनारनंतर उरलेला पिझ्झा हे माझं आठवड्यातलं एक जेवण होतं. यंदा तो बंद झाला. एक ईमेल आला, आम्ही कुणी चकार शब्द काढला नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तुम्हाला आधी विचारलं होतं का?"

नव्हतं. तो मिळत होता तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या पोस्टडॉक मीटिंगच्या अजेंड्यावर मी एक मुद्दा टाकलाय. पिझ्झा परत द्या, असा नाही. मजल्यावर जेवायला एक खोली, चार टेबलं, दोन मायक्रोवेव्ह, आणि त्याबद्दल ठरवताना आमच्यातले दोघं तरी बसलेले असावेत. बाबांनी फोनवर मसुदा ऐकला आणि म्हणाले, "दोघं कमी आहेत. तीन लिही, दोनावर येतील."