वाहनदुरुस्तीतील पत्रा आणि जोड : एक चिकित्सा

प्रस्तावना

वाहनाच्या डेंटिंग-पेंटिंगचे मूल्यमापन बहुधा रंगाच्या झळाळीवरून होते. मडगार्ड पूर्ववत दिसू लागले की काम उत्तम झाले, असे ग्राहक मानतो आणि पुष्कळदा कारागीरही मानतो. परंतु रंगाखाली लांबीचा थर असतो, लांबीखाली पत्रा आणि पत्र्याच्या कडेला जोड. अपघाताच्या क्षणी प्रवाशाचे रक्षण रंग करीत नाही. ते पत्रा आणि जोड करतात. म्हणून या दोहोंविषयी रूढ असलेल्या समजुतींची चिकित्सा आवश्यक ठरते.

परंपरेचे स्वरूप

या समजुती निराधार नाहीत. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची काया साध्या, मऊ पोलादाची होती. सडलेला भाग कापावा, नवा तुकडा बेतावा आणि गॅसच्या ज्योतीने जोडावा, ही रीत तिला मानवत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. गाडी गेली, तिच्यासारख्या गाड्यांवर बसलेला हात मात्र राहिला.

पत्र्याची निवड

‘जाड पत्रा म्हणजे मजबूत काम’ ही पहिली समजूत. मोटारीच्या बाह्य पॅनेलचा पत्रा साधारणतः ०.७ ते ०.८ मि.मी. जाडीचा असतो, म्हणजे २२ गेजच्या (०.७१ मि.मी.) आसपास. तेथे १८ गेजचे (१.२२ मि.मी.) ठिगळ लावल्यास जाड पत्रा वितळेपर्यंत पातळ पत्र्याला भोक पडते, उष्णता कमी केल्यास जोड जाड पत्र्यात मुरत नाही. शिवाय गाडीचा पुढील भाग धडकेत चुरगळून धक्का शोषण्यासाठीच रचलेला असतो. तो अवाजवी ताठ केल्यास धक्का प्रवाशांपर्यंत पोहोचतो. याउलट, छपरासाठी मिळणारा जस्तलेपित पत्रा स्वस्त असला तरी दुहेरी गोलाई देताना सुरकुततो किंवा फाटतो. ओढकामास योग्य अशा थंड लाटलेल्या पत्र्याच्या प्रती आय.एस. ५१३ या भारतीय मानकात स्वतंत्रपणे दिलेल्या आहेत, त्या याच कारणासाठी.

जोडकाम

गॅसची ज्योत विस्तृत भाग तापविते व पातळ पत्रा वेडावाकडा होतो. ती विकृती मग लांबीने झाकली जाते. ०.६ किंवा ०.८ मि.मी. तारेचे, आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाखालील वेल्डिंग, तेही सलग न ओढता दूरदूर टाके घालून केलेले, अधिक योग्य होय. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते; पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी. जोडाच्या कडेचे जस्त न काढल्यास जोड सच्छिद्र होतो आणि धुराने कारागिराला ताप भरतो.

गंभीर प्रश्न आहे तो उच्चबल पोलादाचा. मधल्या खांबासाठी अनेक गाड्यांत वापरले जाणारे बोरॉनयुक्त पोलाद तापवून साच्यातच थंड केलेले असते. त्याचे बल सुमारे १५०० मेगापास्कल, तर साध्या पत्र्याचे ३०० च्या आसपास. ज्योत लागताच हे कमावलेले बल ओसरते. बाह्यरूप मात्र तेच राहते. भारतात २०१७ पासून नव्या मॉडेलांना धडक-चाचणी बंधनकारक झाली. चाचणीत उतरलेली ताकद अशा दुरुस्तीत हरवली, तर प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. असा भाग उत्पादकाने नेमलेल्या ठिकाणीच कापावा किंवा संपूर्ण बदलावा.

जोडाची आतली बाजूही दुर्लक्षित राहते. एकावर एक चढविलेल्या पत्र्यांच्या फटीत ओल साचते. कोकणच्या खाऱ्या हवेत अशी फट आतून सडत जाते आणि बाहेरचा रंग ती लपवितो. पोकळीत गंजरोधक मेण भरणे हा कामाचाच भाग मानावयास हवा.

निष्कर्ष

या दोषाचे खापर केवळ कारागिरावर फोडणे अन्यायाचे होईल. उत्पादकांच्या दुरुस्ती-पुस्तिका बहुतांशी इंग्रजीत असतात, आणि ग्राहक स्वस्त व त्वरित काम मागतो. तरीही एक कसोटी लहानात लहान गॅरेजलाही परवडणारी आहे. साध्या पत्र्याच्या कामाआधी त्याच जाडीचे दोन तुकडे जोडून ते छिन्नीने उकलावेत. जोड सुटला तर तो वरवरचा; पत्रा फाटून जोड टिकला तर तो खरा. कामाची पारख रंगाआधी होऊ लागली, तरच दुरुस्ती या शब्दाला न्याय मिळेल.