बहिणाबाईंचे म्हातारपण

संत बहिणाबाईंचे चरित्र मी चाळीस वर्षे कीर्तनातून सांगितले. देवगाव, शिऊर, कोल्हापूर, देहू. वासरू गेले की मायबहिणी डोळ्यांना पदर लावीत, आणि तुकोबारायांची भेट झाली की मी टाळकऱ्यांना खूण करून गजर धरीत असे. आता दम पुरत नाही. कीर्तन सोडून तीन वर्षे झाली. गेल्या कार्तिकात हर्ण्याला घरी गाथा उघडून बसलो होतो, तेव्हा तांदूळ निवडता निवडता सौ. म्हणाली, "अहो, तुमची बहिणाबाई म्हातारी कधी होते?"

मला उत्तर सुचले नाही. मग बसून हिशेब केला. बाईंचा जन्म १६२८चा, देह ठेवला १७००मध्ये. तुकोबारायांचा स्वप्नात अनुग्रह झाला तो शके १५६९च्या कार्तिकात, म्हणजे १६४७ साली. तेव्हा वय उणेपुरे एकोणीस. आम्ही कीर्तनकार त्यांना विशीत देहूला आणून सोडतो आणि आरती करून मोकळे होतो. पुढची पन्नास वर्षे कुणी सांगतच नाही. (काही श्रोते तर त्यांना खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी समजतात. त्या अलीकडच्या, १९५१ साली गेल्या. पण तो दोष श्रोत्यांचा नव्हे, आमचाच.)

कोल्हापूरचा प्रसंग आम्ही फार रंगवतो. जयरामस्वामींनी कीर्तनात त्या पोरवयाच्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला, लोक बोलू लागले, आणि गंगाधरपंतांनी तिला मारले. हा हुकमी प्रसंग. आवाज चढवला की मंडप रडणारच. तो मीही चढवला, आणि खांबाआड माझीच बायको ऐकत बसलेली असे, हे माझ्या कधी ध्यानात आले नाही.

नवे अभ्यासक याच मारापाशी थांबतात आणि जुने लोक बाईंच्या पतिव्रताधर्माच्या अभंगांपाशी. दोघांनाही तरुण बाईच हवी आहे. गाथेत दोन्ही आहे: नवऱ्याचा राग आहे, त्याचे आजारपण आणि पालटलेले मनही आहे. पण कोल्हापुरात मला आता दिसते ते वेगळेच. बाईंनी तुकोबारायांना पाहिले नव्हते. त्यांचे अभंग कानावर पडले ते कीर्तनातून, कुणाच्या तरी गळ्यातून. गुरू भेटण्याआधी चाल भेटली. ब्राह्मणाच्या घरातल्या मुलीला कुणब्याच्या घरचा गुरू मिळाला तो या कानाच्या वाटेने. कीर्तनकाराने खरे तर इथे मान खाली घालावी, आवाज चढवू नये.

आता निर्याणाचे अभंग. ते मी नेहमी गाळले. अंतकाळ जवळ आल्यावर बाई आपल्या मुलाला, विठ्ठलाला, आपले मागचे बारा जन्म सांगतात आणि हा तेरावा म्हणतात. कीर्तनाला हा भाग जड आहे, हे मी आजही म्हणेन. एकामागून एक जन्म येतात, श्रोता मोजायला लागतो, टाळ थंड पडतात. म्हणून 'हा तत्त्वज्ञानाचा विषय' असे सांगून मी पुढे जात असे. ते खोटे होते. मला तो रंगवता येत नव्हता, एवढेच.

घरात मोठ्याने वाचताना कळले की इथे जन्मांच्या यादीपेक्षा समोर कोण बसले आहे याला महत्त्व आहे. तिसऱ्या वर्षी लग्न झालेली, आधी बाप आणि मग नवरा नेईल तिथे गेलेली बाई बहात्तराव्या वर्षी बोलते आणि मुलगा ऐकतो. ती रडत नाही. त्याला धीर देते, असेही नाही. आपला हिशेब त्याच्या हवाली करते, घराच्या किल्ल्या द्याव्यात तसा. याला मृदंग नको. नुसत्या वीणेवर, सावकाश, सुराला थांबू देत म्हणावे. तरुण कीर्तनकारांनी करून पाहावे. मंडप रडणार नाही, त्याची तयारी ठेवावी.

यंदा आषाढीला पाऊस धो धो होता. होड्या वर ओढलेल्या, बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव नाही, त्यामुळे घरात समुद्राचा आवाज येत होता. मी निर्याणाचे अभंग म्हणायला घेतले. तिसऱ्या अभंगाला दम सुटला. सौ.ने टाळ खाली न ठेवता चरण उचलला. खांबाआड बसून चाळीस वर्षे ऐकलेली चाल, पण माझ्यापेक्षा अर्धी लय खाली. तिथेच ती बसली.

मध्येच मुंबईहून मुलाचा फोन आला. "बाबा, कोण गातंय?"

"तुझी आई."

तो गप्प झाला. फोन तसाच ठेवला मी ओटीवर. सौ. म्हणाली, "पान उलटा, पुढचा अभंग काढा."