फिन्स, वारा आणि अर्धे उत्तर

‘मोटारसायकलच्या इंजिनाला फिन्स का असतात?’ हा प्रश्न आपण वर्गात विचारतो आणि ‘पृष्ठफळ वाढून उष्णता लवकर बाहेर पडावी म्हणून’ या उत्तराला पूर्ण गुण देतो. उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. ते पाठ केलेला विद्यार्थी दादर टीटीच्या सिग्नलला उभा राहिला, तर समोर दिसणाऱ्या साध्या गोष्टीचा त्याला उलगडा होत नाही. फिन्स तेवढ्याच, पृष्ठफळ तेवढेच. मग धावताना ठीक असलेले इंजिन गाडी बराच वेळ जागेवर चालू ठेवली की का तापते? त्यातही उभ्या गाडीचे इंजिन तर कमीत कमी पेट्रोल जाळत असते.

उत्तरातून निसटला आहे तो वारा. फिन्सपर्यंत उष्णता वहनाने येते, पण तेथून ती मुख्यतः अभिसरणाने जाते. गाडी धावत असेल तर फिन्समधील फटींतून सतत नवी, थंड हवा जाते. गाडी थांबली की त्याच फटींत हवा कोंडते, तापते आणि सावकाश वर सरकते. शांत हवेत एक चौरस मीटर पृष्ठभागावरून तापमानाच्या दर अंश फरकामागे साधारण ५ ते १० वॉट उष्णता जाते. जोराच्या झोतात हाच आकडा ५० च्या पुढे जाऊ शकतो.

हा फरक विद्यार्थ्यांकडून हिशेब करवून घेतल्याशिवाय पटत नाही. १०० सीसीची एक गाडी घेऊ आणि सोयीचे आकडे धरू. उभी असताना ती तासाला २०० मिलिलीटर पेट्रोल जाळते. एका लिटरची ऊर्जा सुमारे ३२ मेगाज्यूल. म्हणजे सेकंदाला सुमारे १८०० ज्यूल. त्यातील एक तृतीयांश, ६०० वॉट, फिन्सवाटे बाहेर टाकायचे आहेत. बराचसा उरलेला भाग सायलेन्सरमधून जातो. फिन्सचे एकूण पृष्ठफळ ०.३ चौरस मीटर आणि शांत हवेसाठी १० हा आकडा धरला, तर दर अंशाला ३ वॉट जातात. ६०० वॉट जाण्यासाठी फिन्स हवेपेक्षा २०० अंशांनी गरम व्हायला हव्यात. आता हीच गाडी ताशी ४५ किलोमीटर वेगाने धावते आहे, पेट्रोल चौपट जळते आहे आणि फिन्सकडे २४०० वॉट येत आहेत. वाऱ्यामुळे दर अंशाला १५ वॉट जातात. फरक १६० अंश पुरतो. उष्णता चौपट झाली, पण ती जाण्याची वाट पाचपट रुंद झाली.

येथवर आल्यावर दुसऱ्या टोकाची चूक होते. ‘सिग्नलला दोन मिनिटे थांबलो की इंजिन बिघडते’ असे अनेकजण सांगतात. ही भीतीही हिशेबाला टिकत नाही, कारण तिच्यात काळाचा विचार नाही. सिलिंडर आणि हेड मिळून ५ किलो ॲल्युमिनियम धरा. त्याचा विशिष्ट उष्मा किलोमागे अंशाला सुमारे ९०० ज्यूल. म्हणजे सगळे एक अंशाने तापवायला ४५०० ज्यूल लागतात. गाडी थांबते तेव्हा ६०० वॉट येतात आणि ४८० जातात; शिल्लक १२०. तापमान मिनिटाला सुमारे दीड अंशाने चढते. दोन मिनिटांत इंजिनाचे काहीच बिघडत नाही. सिग्नलला इंजिन बंद करावे ते पेट्रोल आणि धूर वाचावा म्हणून. योग्य सल्ल्यालाही चुकीचे कारण देऊ नये.

खरी अडचण सणासुदीच्या गर्दीत टिळक पुलावर अर्धा तास रेंगाळताना येते. पहिला गिअर, अर्धवट दाबलेला क्लच, अधूनमधून वाढवलेली रेस. उष्णता दुप्पट आणि वारा मात्र चालणाऱ्या माणसाला लागेल तेवढाच. शिवाय पुढच्या गाड्यांनी तापवलेली हवा. अशा वेळी तेल पातळ होते आणि पिस्टनवरचा त्याचा थर कमजोर पडतो.

यावरचा एक जुना तोडगा महाराष्ट्रातच तयार होत होता. पुण्याच्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये आणलेल्या चेतक स्कूटरचे इंजिन मागच्या चाकाजवळ, पत्र्याच्या आड असे. तेथे समोरचा वारा पोचत नाही. म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती जोडलेली होती आणि सिलिंडरभोवती आवरण होते. इंजिन फिरते तोवर हवा फिन्सवरूनच जाणार, मग गाडी उभी असो वा धावती. ‘हवा लागावी’ म्हणून ते आवरण काढून टाकणारा माणूस आपल्या अर्ध्या उत्तराचाच विद्यार्थी म्हणायचा. आवरण गेले की पंख्याची हवा फिन्सना बगल देऊन निघून जाते.

मोटारसायकलवाल्यासाठी उपाय साधे आहेत. फिन्समधला चिखल आणि तेलकट थर काढावा, तेलाची पातळी पाहावी, लांबलेल्या कोंडीत इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. धातू असमान आकसून तडा जाऊ शकतो. दुरुस्तीसाठी जागेवर बराच वेळ चालू ठेवायचे असेल तर समोर टेबलफॅन लावावा, आणि तेही उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जातो. तेथे पंखा उपयोगी नाही.

वर्गात दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या. बाष्पीभवनाने गोंधळ होऊ नये म्हणून झाकणे लावा. एक पेला पंख्यासमोर, दुसरा कोपऱ्यात ठेवा. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. पृष्ठफळ सारखेच असून दोन रेषा वेगळ्या उतरतील. मग परीक्षेत असे विचारता येईल: ‘उभ्या मोटारसायकलचे इंजिन कमी पेट्रोल जाळूनही का तापते, आणि त्याला किती वेळ लागेल?’ या प्रश्नाला फक्त पृष्ठफळ लिहिणाऱ्याला अर्धेच गुण द्यावेत.