‘अनफर्गिव्हन’मधील स्कोफिल्ड पिस्तूल

क्लिंट ईस्टवुड यांच्या ‘अनफर्गिव्हन’ (१९९२) या चित्रपटातील उतावळा तरुण स्वतःस ‘स्कोफिल्ड किड’ म्हणवितो. हे नाव त्याने आपल्या पिस्तुलावरून घेतले आहे. त्यात बढाईपलीकडे काही नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ते पिस्तूल कसे उघडते व कसे भरले जाते हे ध्यानी घेतल्यावाचून पटकथाकार डेव्हिड वेब पीपल्स यांनी केलेल्या निवडीतील उपरोध पुरता उलगडत नाही.

अमेरिकन घोडदळातील मेजर जॉर्ज स्कोफिल्ड यांनी स्मिथ अँड वेसन कंपनीच्या पिस्तुलात महत्त्वाचा पालट केला. वरचा खटका नळीवरून काढून सांगाड्यावर, अंगठ्याच्या आवाक्यात आणला. पिस्तुलाचा घोडा अर्धवट चढवून खटका मागे ओढला, की नळी व काडतुसांचे चक्र बिजागरीवर खाली झुकते आणि चक्रामधली चांदणी वर येऊन सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर टाकते. एका हाती लगाम धरलेल्या स्वारास नळी मांडीवर दाबून हे साधता येई. कोल्टच्या पिस्तुलात मात्र बाजूची झडप उघडून एकेक पुंगळी सळईने ढकलावी लागे. स्कोफिल्डमध्ये उणिवाही होत्याच. ते बेताने उघडले तर एखादी पुंगळी चांदणीखाली अडके, आणि न झाडलेली काडतुसेही रिकाम्यांबरोबर उचलली जात. शिवाय कोल्टचे लांब काडतूस त्यात मावत नसे. उलट स्कोफिल्डचे आखूड काडतूस कोल्टमध्ये चाले. लष्कराने १८७५ पासून सुमारे ८,००० नग घेतले. दोन पिस्तुले व दोन काडतुसे सांभाळणाऱ्या कोठारांत घोटाळा व्हावा, यात नवल नाही.

म्हणजे सहा गोळ्या संपल्या तरी शत्रू उरलेलाच आहे, अशा प्रसंगासाठी घडविलेले हे शस्त्र. ते ज्याच्या हाती आहे त्या किडला दूरचे दिसतच नाही! पाच माणसे मारल्याची फुशारकी मारणाऱ्या या पोराचा पहिला बळी शौचकूपात बसलेला असतो. त्याला तीन गोळ्या पुरतात. पुन्हा भरण्याची सोय, जिच्यासाठी हे पिस्तूल नावाजले, ती येथे निरुपयोगी ठरते. नंतर रडत रडत तो ते मनीच्या स्वाधीन करतो, तेव्हा नावही जणू परत करतो.

अखेरच्या दारूगुत्त्यातील प्रसंगात मनीच्या दुनळी बंदुकीचा दुसरा बार फुसका निघतो आणि तो स्कोफिल्ड उपसतो. तेथेही ते पुन्हा भरावे लागत नाही. गोळीबार थांबल्यावर तो भरतो ती स्पेन्सर रायफल. येथवर रचना अचूक आहे. आमचा आक्षेप पुढे आहे. याच मनीला आरंभी अंगणातला डबा पिस्तुलाने टिपता आलेला नाही, म्हणून तर तो बंदूक घेतो. अखेरीस परक्या पिस्तुलाने, अंधुक उजेडात, तो एकामागून एक माणसे पाडतो. पोटातील व्हिस्की आणि नेडच्या मृत्यूचा संताप ही कारणे चित्रपट सुचवितो. परंतु संतापाने हाताचा नेम सुधारतो, हे मान्य करणे म्हणजे ज्या दंतकथेची चित्रपट दोन तास चिरफाड करतो, तिलाच मागील दाराने आत घेणे होय.