टोपडं सैल झालं

मुलुंडला आमच्या कपाटात मावशीची एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली बाळाच्या टोपड्याचा नमुना. टाके किती घालायचे, दोन सुलट दोन उलट किती ओळी विणायच्या, कुठून टाके कमी करत जायचे, सगळं पेन्सिलीनं. शेवटी निळ्या शाईत एक ओळ : "टोपडं सैल झालं. दहा नंबरची सुई चुकली, बारा घ्यायला हवी होती." हातकामाबद्दल लिहावं कसं, हे मला या ओळीनं शिकवलं. आज आमच्या मुंबईच्या उपनगरांतलं याविषयीचं लेखन वाचताना मी तीच ओळ शोधत असते.

लिहिलं मात्र खूप जातं. अंधेरी-बोरिवलीकडे तसंच घाटकोपर-मुलुंडकडे क्रोशा, कशिदा, गोधडी, मोत्यांच्या महिरपी करणाऱ्या बायका, आणि आता काही पुरुषही, केलेल्या कामाची नोंद ठेवतात, नमुने लिहून एकमेकांना देतात. नोकरी, स्वयंपाक, लोकलचा प्रवास सांभाळून हे चालतं आणि बहुतेकांना त्यातून पैसा मिळत नाही. मग लिहावंसं का वाटतं?

मला याचं मूळ रुखवतात दिसतं. लग्नघरी रुखवत मांडलं की मुलीचं, तिच्या आईचं, आत्याचं हातकाम चारचौघांपुढे येई. जाणत्या बायका रुमाल उलटा करून बघत, कारण भरतकामाची खरी परीक्षा मागच्या बाजूला. कुणी एखादा टाका विचारून घेई आणि नमुना या घरातून त्या घरात जाई. आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानंही मिळतं. चाळीच्या गॅलरीत शेजारणीच्या हाताकडे बघून शिकता येई; बंद दाराच्या फ्लॅटमध्ये ते शब्दांत सांगावं लागतं. बोरिवली ते चर्चगेट सुमारे 34 किलोमीटर. लेडीज डब्यात विणणारीला समोरची विचारते, "जाळी कशी पाडलीत?" उत्तर निम्म्यावर असताना तिचं स्टेशन येतं. अशी राहून गेलेली उत्तरं मग घरी कागदावर उतरतात.

सुरुवात अशी होते, दाद मिळावी, कुणीतरी विचारावं म्हणून. लिहीत राहण्याचं कारण निराळं आहे. कोपरा वळताना आपण साखळ्या किती घालतो, हे लिहायला बसेपर्यंत ठाऊकच नसतं. हात घालत असतो, आपण मोजलेल्या नसतात. मग उसवा, मोजा, पुन्हा विणा. लिहिल्यानं आपलं विणणं सुधारतं हे जिला एकदा कळलं, ती लिहिणं सोडत नाही.

असं लेखन थोडं आहे. बरंचसं तयार वस्तूच्या कौतुकात संपतं. ती कशी झाली, याला दोन ओळी. फसलेलं काम तर दिसतच नाही. स्वयंपाकाच्या बाबतीत मराठी बाई इतकी उणी नव्हती. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 मध्ये आलं आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर पिढ्या स्वयंपाक शिकल्या. हातकामाला मराठीत घराघरांत पोचलेलं तसं पुस्तक मिळालं नाही, आणि ती उणीव आजच्या लेखनाला अजून भोवते.

सर्वांत जास्त भोवते ती शब्दांत. आपल्याकडे क्रोशाला साखळी, मुका खांब, खांब असे नेमके, डोळ्यांपुढे उभे राहणारे शब्द आहेत. इंग्रजीत मोठा घोळ आहे. अमेरिकन नमुन्यात जे 'सिंगल', तेच ब्रिटिश नमुन्यात 'डबल'. अमेरिकेचं 'डबल' ते ब्रिटनचं 'ट्रेबल'. दोन्ही देशांच्या बायकांना मुका खांब कळला असता तर केवढी उसवाउसव वाचली असती! आणि आपल्याच लिहिणाऱ्या खांब सोडून 'डबल' लिहितात, कुठल्या देशाचं ते सांगत नाहीत. सुयांचंही तेच. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत जाड. मावशीची बारा नंबरची सुई पावणेतीन मिलिमीटरची. नुसतं 'बारा नंबर' लिहिणं आता पुरत नाही, मिलिमीटर लिहायलाच हवेत.

अमेरिकेत एलिझाबेथ झिमरमन हिनं 1958 पासून स्वतःचं पत्रक काढून विणकामावर लिहिलं. ओळीमागून ओळ हुकूम सोडण्याऐवजी तिनं हिशेब शिकवला : स्वेटरच्या छातीचे टाके 100 धरले तर मनगटाशी साधारण 20. एवढं कळलं की कुठल्याही लोकरीवर, कुठल्याही अंगाचा स्वेटर बेतता येतो. 'असं करा' याच्या जोडीला 'असं का' लिहिणाऱ्या बायका मला आपल्याकडे हव्या आहेत.

आणखी एक गोष्ट मला खरोखर टोचते. उपनगरांतल्या हौशी वर्गांत वारली चित्रं सर्रास शिकवतात. कुर्त्यांवर, किटल्यांवर, पिशव्यांवर तीच माणसं फेर धरतात. त्याबद्दल लिहिताना वारल्यांचं नाव एखाद्या शैलीच्या नावासारखं येऊन जातं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरेत वारल्यांचे पाडे आहेत, रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर. त्यांच्याकडे लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, सुवासिनी लिहितात, तांदळाच्या पिठानं. मधे पालघट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते तेव्हा ते लग्न लागतं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2014 मध्ये या कलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. किटलीवर चौक रंगवू नये असं मी म्हणत नाही. पण तो कुणाचा आणि कशासाठी, हे न लिहिणं मला हातकामाशी बेइमानी वाटते. घाटकोपरच्या कच्छी घरांतल्या तोरणांचंही असंच. आजीचा आरसेकामाचा टाका नात हौसेनं उतरवते. आजी त्याला काय म्हणायची, ते विचारून ठेवत नाही. आजी आहे तोवर विचारा हो.

मावशीचं टोपडं गेल्या थंडीत मी बारा नंबरच्या सुईवर विणलं. डोक्याला बरोबर बसलं, कानांशी मात्र दोन ओळी कमी पडल्या. तिच्या निळ्या ओळीखाली तेवढं लिहून ठेवलं आहे.