सिन्नरचें गोंदेश्वर व ‘हेमाडपंती’ ही संज्ञा

सिन्नरच्या गोंदेश्वराविषयीं जें जें लिहिलेलें आढळतें, त्यांत ‘हेमाडपंती देवालय’ हे शब्द हटकून असतात. चुन्यावांचून बसविलेला घडीव दगड दिसला कीं तो हेमाडपंती, एवढाच या संज्ञेचा अर्थ उरला आहे. ती कालनिर्णयास निरुपयोगी तर आहेच, पण अपायकारकहि आहे.

हेमाद्रि हा यादव महादेव व रामचंद्र यांचा श्रीकरणाधिप. म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याचा चतुर्वर्गचिंतामणि हा धर्मशास्त्राचा निबंध आहे, शिल्पाचा नव्हे. उलट अंबरनाथच्या शिवालयांत शिलाहार मम्वाणीचा शके ९८२ (इ. स. १०६०) चा लेख आहे. हेमाद्रीपूर्वीं दोन शतकें हें काम आमच्या पाथरवटांस अवगत होतें, यास याहून दुसरा पुरावा नको.

गोंदेश्वर त्याच कुळांतलें. शिखराच्या चारी अंगांस तळापासून माथ्यापर्यंत जाणारी एकेक लता, आणि दोन लतांमध्यें लहान शिखरांच्या चढत्या ओळी, ही भूमिज पद्धति होय. भोजाच्या नांवावर असलेल्या समरांगणसूत्रधारांत भूमिज प्रासादांचें स्वतंत्र विवेचन आहे. अंबरनाथाइतकी मूर्तिकामाची नजाकत येथें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु एकाच उंच जोत्यावर मध्यें मुख्य प्रासाद, चार कोपऱ्यांस चार उपदेवालयें, समोर नंदिमंडप व भोंवतीं प्राकार, असें समग्र पंचायतन उभें राहिलेलें फार थोड्या ठिकाणीं सांपडेल. कझिन्स यांच्या १९३१ सालच्या ग्रंथांतील आकृत्या यासाठीं अवश्य पाहाव्या.

आतां नांव. कोणा राव गोविंदानें हें देवालय बांधलें, ही दंतकथा नाशिकच्या १८८३ च्या गॅझेटियरांत नोंदलेली आहे. तिला हंसून सोडून देण्याची चाल पडली आहे. मला ती पटत नाहीं. ‘गोविंदेश्वर’ याचें ‘गोंदेश्वर’ होणें उच्चारशास्त्रास धरूनच आहे. कर्त्याचें नांव वा बिरुद देवास देण्याची रीतहि याच घराण्याची: दुसऱ्या भिल्लमाच्या संगमनेर ताम्रपटांत (शके ९२२) विजयाभरणेश्वराचा उल्लेख आहे, आणि विजयाभरण हें त्याचेंच बिरुद. तथापि हा गोविंद कोण, हें दंतकथेवरून ठरत नाहीं. पांचव्या भिल्लमानें बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीस राजधानी नेली. तत्पूर्वींचें हें काम असावें, असें माझें मत आहे.

‘हेमाडपंती’ म्हटलें कीं कर्ता व काळ दोन्ही ठरल्यासारखे वाटतात आणि कागद कोणी चाळीत नाहीं. सिन्नरच्या देवस्थानाच्या इनामाचे, पूजाअर्चेचे वा जमीनझाड्याचे जुने कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांत देवाचें नांव ‘गोंदेश्वर’ आहे कीं ‘गोविंदेश्वर’, एवढें तरी पाहून कळवावें.