जनसुनावणी आणि लोकसहभाग : पनवेल परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
पर्यावरणविषयक प्रश्न संबंधित नागरिकांच्या सहभागानेच उत्तम प्रकारे हाताळता येतात, हे तत्त्व १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याने मान्य केले. भारतात या तत्त्वाला जनसुनावणीचे रूप मिळाले. तथापि, जनसुनावणी म्हणजे धोरणनिर्मितीतील सहभाग नव्हे, हे प्रस्तुत लेखात पनवेल परिसराच्या आधारे मांडावयाचे आहे.

कायद्यातील तरतूद :
१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. तिचे आयोजन राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ करते आणि जिल्हाधिकारी अथवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. उपस्थितीसाठी गणसंख्येची अट नाही. स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावयाचा असतो तो केवळ अहवालाचा सारांश. ज्यावर मत द्यावयाचे, तो मूळ अहवालच बहुसंख्य ग्रामस्थांना वाचता येत नाही. अशा स्थितीत मिळालेले मत सुजाण संमती ठरत नाही.

पनवेलचा अनुभव :
पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचा घटनाक्रम या दृष्टीने बोलका आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २००७ मध्ये प्रकल्पास तत्त्वतः मान्यता दिली. २००९ मध्ये या विमानतळासाठी सागरी किनारा नियमन अधिसूचनेत दुरुस्ती झाली. पर्यावरणीय मंजुरी मात्र नोव्हेंबर २०१० मधील. म्हणजे जागा आधी ठरली, नियम त्यानंतर बदलला आणि परिणामांचा विचार सर्वांत शेवटी झाला. उलवे टेकडी सपाट करणे, नदीचा प्रवाह वळविणे आणि कांदळवनांची हानी यांविषयी नागरिक हरकत घेऊ शकत होते. पर्याय सुचविण्याची वेळ टळून गेली होती. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत असा ‘विचारविनिमय’ चौथ्या पायरीवर येतो. खरी भागीदारी सहाव्या पायरीपासून सुरू होते.

शेजारच्या पेण तालुक्याने वेगळा मार्ग दाखविला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासंबंधी २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत मतदानाद्वारे शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. येथे प्रश्न ‘परिणाम कसे कमी करावेत’ हा नसून ‘प्रकल्प हवा की नको’ हा होता. हा फरक मूलभूत आहे.

एक आक्षेप :
तांत्रिक विषय सामान्यांना कळत नाहीत, असे म्हटले जाते. परंतु उधाणाचे पाणी कोठवर येते, खारबंदिस्ती कोठे फुटते, उघाडी बुजली तर कोणते शेत बुडते, हे खाडीकाठच्या आगरी-कोळी समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हे ज्ञान अहवालाच्या आराखड्यात यावे लागते. हरकतींच्या परिशिष्टात ते निरुपयोगी ठरते.

समारोप :
संपूर्ण अहवाल मराठीत देणे आणि जागा निश्चित होण्यापूर्वी ग्रामसभा व प्रभाग पातळीवर चर्चा घेणे, या किमान सुधारणा होत. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेस याचा आरंभ करता येईल. महानगरपालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तो प्रभागांत वाचला जावा आणि त्याच्या पडताळणीत स्थानिक महाविद्यालयांनी वाटा उचलावा. धोरणाचा मसुदा होण्यापूर्वी नागरिकाला विचारले गेले, तरच ‘सहभाग’ या शब्दाला अर्थ राहील.